वेल कोरता येते, काढता येत नाही

पत्र: माझं वय 31. हुपरीजवळच्या गावात आमचा चांदीचा वडिलोपार्जित धंदा आहे. आप्पा भांड्यांवर हाताने नावं कोरतात, ते बघतच मी मोठा झालो. गेल्या वर्षी कर्ज काढून हवेच्या दाबावर चालणारा ग्रेव्हर, म्हणजे कोरायचं हत्यार, आणि मायक्रोस्कोप घेतला. सरळ रेघ, अक्षरं, साधी किनार व्यवस्थित येते. मोबाइलवर परदेशी कारागिरांचं स्क्रोलकाम बघितल्यापासून तसली वेलबुट्टी चांदीवर करायचं डोक्यात आहे. दुसऱ्याचं डिझाइन छापून चिकटवलं तर मी ते स्वच्छ कापतो. स्वतः काढायला बसलो की मात्र सगळं फसतं. आप्पा म्हणतात, "ही वेल नव्हे, जिलेबी आहे. चित्रकला देवानेच द्यावी लागते." आता सांगलीच्या एका गिऱ्हाइकाने दहा इंची तबकाला वेलीची किनार सांगितली आहे. चित्रकलेचा क्लास लावू, सॉफ्टवेअर घेऊ, की नाद सोडू?

उत्तर:

पत्र वाचलं, सोबतचे दोन्ही फोटोही मोठे करून पाहिले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाद सोडू नका, यंत्राचे हप्ते चालू आहेत. क्लासमध्ये आधी फळांची परडी येईल, मग घडीचं कापड, मग निसर्गचित्र. ते सगळं चांगलंच आहे, पण तुमचं दुखणं त्या औषधाचं नाही. सॉफ्टवेअरचं पुढे बोलू.

आप्पांच्या वाक्याचे दोन भाग आहेत. जिलेबीचा भाग मला पूर्ण मान्य आहे, देवाचा अजिबात नाही. उलट जिलेबी म्हणताना त्यांनी दोष इतका अचूक पकडलाय की मला वेगळं निदान करायची गरजच उरली नाही. हलवाई कढईत पीठ सोडतो तेव्हा धार एकसारखी असते आणि हात एकाच चालीने फिरतो. म्हणून जिलेबीच्या दोन वेढ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं पडतं, जाडी सारखी राहते आणि शेवट धार तुटेल तिथे होतो. तुमच्या दुसऱ्या फोटोतल्या पत्र्यावर नेमकं हेच झालंय. वेलीचं वेटोळं आत जाताना आवळत जातं. देठ निमुळता होतो. शेवट कुठे आणि कशात होणार, हे पहिली रेघ ओढतानाच ठरलेलं असतं.

आणि हे मोजता येतं. जे मोजता येतं ते शिकता येतं, त्यात देवाला मध्ये आणायचं कारण नाही.

यंत्रावर फडकं टाका आणि घरातली आमटीची वाटी घ्या, तोंडाशी नऊ-दहा सेंटीमीटरची. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर ती उपडी ठेवून फिकट वर्तुळ काढा. आता डावीकडून, खालच्या अंगाने एक रेघ येऊ द्या. वर्तुळाला छेदून आत शिरायचं नाही, त्याच्या कडेला लागून त्याच्याच वळणाने पुढे जायचं. पहिला अर्धा फेरा जवळजवळ वर्तुळावरूनच काढा, मग हळूहळू आत या आणि साधारण दोन फेऱ्यांत थांबा. पानं नाहीत, कळ्या नाहीत, छाया नाही. फक्त ही एक रेघ. स्क्रोलकामात हिला वेलीचा कणा समजा.

जिथे वेटोळं मिटतं त्या जागेला आपण डोळा म्हणू. डोळ्यातून पट्टीने एक आडवी रेघ मारा. ती कण्याला जिथे जिथे कापते तिथपर्यंतची अंतरं डोळ्यापासून मोजा, एक या बाजूचं, एक त्या बाजूचं, आलटून पालटून, बाहेरून आत. चांगल्या वेटोळ्यात आकडे काहीसे असे येतात: 50, 36, 26, 19, 13 मिलिमीटर. प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे 0.7 पट आहे. हा 0.7 काही दगडावरची रेघ नव्हे. 0.65 धरलंत तर वेटोळं मोकळं दिसेल, 0.8 धरलंत तर घट्ट, आणि दोन्हींची आपापली शोभा आहे. एका वेटोळ्यात एकच प्रमाण टिकलं पाहिजे, एवढंच पाळायचं. तुमच्या फोटोवर मी स्क्रीनलाच पट्टी लावली. तिथे आकडे 40, 33, 26, 19 या चालीने उतरतात, म्हणजे दर वेळी सातच कमी. यायला हवा होता भागाकार, आणि तुमच्या हातातून येते वजाबाकी.

चपट्या जागा हा दुसरा दोष. तुमच्या वेटोळ्यात चार-पाच ठिकाणी गोलाई मध्येच मोडते, तीन-चार मिलिमीटर जवळजवळ सरळ जाते आणि पुन्हा वळते. कारण साधं आहे. आपण मनगट टेबलावर टेकवून लिहितो. मनगट एका जागी असेपर्यंत बोटं एका ठरावीक त्रिज्येत फिरतात. त्यांची पोच संपली की हात उचलून पुढे ठेवावा लागतो, आणि नेमक्या त्या सांध्यावर रेघ चपटी होते. यावर दोन उपाय आहेत. एक, मनगट उचला आणि हात खांद्यातून फिरवा. सुरुवातीला रेघ थरथरेल, थरथरू द्या. थरथरणारी पण खरी गोल रेघ, गुळगुळीत पण मोडलेल्या रेघेपेक्षा कधीही बरी. दोन, कागद फिरवा. ग्रेव्हरवर तुम्ही हेच करता: उजवा हात जवळजवळ स्थिर असतो आणि डावा हात खालचा बॉल व्हाइस, म्हणजे वस्तू पकडून ठेवणारा गोल शिकंजा, फिरवतो. मग कागदावर तो डावा हात नुसता का बसवून ठेवलाय?

तपासायची युक्ती: कागद डोळ्यांच्या पातळीला आडवा धरा आणि रेघेच्या अंगावरून तिरकी नजर टाका. समोरून गोल वाटणारी रेघ तिरकी पाहिली की सगळे कोपरे उघडे पडतात. मग कागद उलटा करून बघा, मग आरशात बघा. आरसा सगळ्यात निर्दय. आपल्या चुकांची डोळ्याला सवय झालेली असते, ती आरशात मोडते.

आरशाचं निघालं म्हणून सांगतो, तुमच्या भागाला याचा इतिहास आहे. 1805 साली मिरजेला भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून, आणि कोरणारा होता पुण्यात ही कला शिकलेला एक तांबट. छापण्यासाठी कोरायचं म्हणजे सगळी अक्षरं उलटी. त्या माणसाने 'ज्ञ' आणि 'क्ष' उलटे कोरले असतील, तर तुम्हाला उलटी वेल काढायला हरकत नसावी.

आणि ती काढावीच लागेल. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांना घड्याळाच्या उलट दिशेचं वेटोळं सोपं जातं, सुलट दिशेचं अडतं. तुमच्या फोटोतही डाव्या बाजूची वेटोळी बरी आहेत आणि उजव्या बाजूची गचाळ. वेलीत दोन्ही दिशा एकाआड एक येतात, त्यामुळे सराव जमणाऱ्या बाजूचा नको, न जमणाऱ्या बाजूचा हवा. तिला दुप्पट कागद द्या.

एक वेटोळं सुधारलं की दुसरं त्याला जोडायचं. इथे नवशिके एक वेटोळं इकडे, एक तिकडे काढतात आणि मग मध्ये रेघ ओढून सांधतात. वेल सांधलेली दिसता कामा नये. पहिल्या वेटोळ्याची पाठ म्हणजे त्याची बाहेरची बाजू. दुसरं वेटोळं त्या पाठीतून फुटतं: काही अंतर तिला चिकटून जातं, मग हळूच सुटतं आणि उलट्या दिशेला वळतं. दोन्ही मिळून एक सलग लाट दिसली पाहिजे. पारख अशी: फाटा फुटतो तिथून पेन्सिल मागे, मुळाकडे न्या. कुठेही धक्का न बसता ती मुख्य देठात मिसळली तर फाटा जिवंत. मध्ये कोन लागला तर तो चिकटवलेला.

पानांनाही हाच नियम, आणि माझ्या मते सगळं स्क्रोलकाम या एका नियमावर उभं आहे. पानाचा उगम देठाच्या आत असतो, देठाच्या कडेवर नसतो. तुमची पानं कडेवर बसली आहेत. स्वल्पविरामासारखा सुबक आकार आहे, कापही छान आहे, पण देठाशी त्यांचा कोन जवळजवळ काटकोन. पान देठाच्या वाढीच्या दिशेने निघतं, सुरुवातीला त्याच्याबरोबर धावतं, मग बाजूला होतं. एखादं पान मुळाकडे तोंड करून बसलं की अख्खी वेल मागे ओढल्यासारखी वाटते, मग ते पान स्वतः कितीही देखणं असो. तसलं पान खोडून टाका, जीव अडकवू नका.

पानांचा आकार आला कुठून, हे माहीत असलेलं बरं. युरोपातल्या बहुतेक स्क्रोलकामाचं पान अकँथस नावाच्या भूमध्य समुद्राकाठच्या झाडाचं मानतात. जुनी कथा अशी: ग्रीसमधल्या कोरिंथच्या एका मुलीच्या थडग्यावर कुणीतरी तिच्या वस्तूंची टोपली ठेवली आणि वर कौल झाकलं. टोपली नेमकी अकँथसच्या मुळावर बसली होती. वसंतात पानं टोपलीभोवती वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांना अडून बाहेर वळली. कॅलिमॅकस नावाच्या शिल्पकाराने ते बघितलं आणि त्यावरून खांबाचं डोकं घडवलं. कथा खरी असो नसो, त्यात तुमच्या कामाची एक गोष्ट आहे: पान उगाच वळत नाही, काहीतरी आडवं आलं म्हणून वळतं. तुमच्या तबकात ते आडवं येणारं म्हणजे किनारीची रेघ. पानाचं टोक तिच्यापाशी पोचलं की त्याने वळायचं, रेघेला डोकं आपटून थांबायचं नाही. अकँथसच्याच घराण्यातली मारांडी आपल्याकडे कोकणातल्या खाड्यांकाठी खारफुटीत उगवते. काटेरी कडांची पानं, निळसर जांभळी फुलं. रत्नागिरीकडे गेलात तर एखादी फांदी जवळून पाहा, पण काटे सांभाळून.

आता मोकळी जागा. नवशिक्याचं लक्ष पानांवर असतं आणि जाणत्याचं पानांमधल्या फटींवर. काढलेल्या डिझाइनची झेरॉक्स करा आणि वेल सोडून बाकी सगळी पार्श्वभूमी काळ्या मार्करने भरून टाका. मग हातभर लांबून बघा. काळे तुकडे आकाराने एकमेकांच्या जवळपास असतील तर जमलं. कुठे एखादा मोठा काळा डबरा दिसला तर तिथे पान कमी आहे, आणि जिथे काळं जवळजवळ उरलंच नाही तिथे पानांची गर्दी झाली आहे. दोन वेटोळी आणि किनार यांच्यामध्ये जी तिकोनी जागा उरते ती हमखास मोकळी पडते. तिथे देठाच्या पाठीतून एक पान सोडायचं. धातूवर ही पार्श्वभूमी तुम्ही खाली उतरवून बारीक दाणे ठोकणार किंवा जवळजवळ रेघा मारणार, म्हणजे ती काळपटच दिसणार. कागदावर जे काळं दिसलं तेच तबकात दिसणार आहे.

बघायचं कुठे? मोबाइलवरच्या त्या कामांबद्दल माझी तक्रार नाही, पण तिथे सगळंच भिंगातून काढलेलं असतं, त्यामुळे मापाचा अंदाज सुटतो. शिवाय त्यात घराणी वेगवेगळी आहेत. लंडनच्या जुन्या बंदूक कारखान्यांचं बारीक इंग्लिश स्क्रोल म्हणजे लहान लहान, जवळजवळ पूर्ण गोल वेटोळी दाटीने बसवलेली, मध्ये एखादा गुलाबांचा झुबका. त्याच शहरात हॉलंड अँड हॉलंडच्या 'रॉयल' बंदुकांवर मोठ्या, ठसठशीत पानांचं स्क्रोल असतं. बेल्जियममधलं लिएज, ऑस्ट्रियातलं फेर्लाख, इटलीतलं गार्दोने या बंदुकांच्या गावांची आपापली धाटणी आहे. तुम्ही हे सगळं त्या एका पत्र्यावर एकत्र केलंय: इंग्लिश वेटोळं, जर्मन पान आणि मधेच अमेरिकन चाकूवरची टोकदार पाती. एक घराणं धरा. मी म्हणेन मोठ्या पानांचं धरा. बारीक स्क्रोलमध्ये चुका दाटीत लपतात आणि शिकणाऱ्याला वाटतं की जमलं. मोठ्या स्क्रोलमध्ये लपायला जागा नाही.

पण त्याआधी स्वतःच्या दुकानातली दुरुस्तीची पेटी उघडा. चांदीच्या धंद्यात दोन पिढ्या घालवलेल्या घरात जुनी अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानाचा डबा, पिकदाणी असं काही ना काही येत-जात असतं. कच्छकडची जुनी वस्तू हाताला लागली तर ती मोडीत टाकण्याआधी नीट बघा. भूजचे ओमरसी मावजी हे 19व्या शतकातले नामांकित कारागीर, त्यांच्या वस्तूंवर 'ओ. एम. भूज' असा छाप असतो. कच्छच्या चांदीत वेलीने इंचभरही जागा सोडलेली नसते. काम कोरलेलं नाही, ठोकून उठवलेलं आहे, तेव्हा काप शिकायला ते उपयोगाचं नाही. पण एक वेटोळं संपून दुसरं कुठून निघतं, आणि उरलेली जागा पान कसं खातं, हे त्यात बोट ठेवून वाचता येतं.

कोरलेली वस्तू मिळाली तर तिचा काजळीचा ठसा घ्या. मेणबत्तीच्या ज्योतीवर वस्तू फिरवून पृष्ठभागावर काजळीचा पातळ थर धरू द्या, त्यावर रुंद पारदर्शक टेप हलकेच दाबा, उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. वरची काजळी टेपवर येते, कोरलेल्या रेघा पांढऱ्या राहतात, आणि टेप अशी लावल्यामुळे नक्षी सुलटीच दिसते. चांदीवरची काजळी फडक्याने निघते. लाखेवर बसवलेल्या किंवा खडे असलेल्या वस्तूला मात्र ज्योत दाखवू नका. असे ठसे एका वहीत जमवत जा. छापील पुस्तकापेक्षा ती वही कामाची, कारण माप खरं असतं. काप किती खोल, दोन रेघांत अंतर किती, सगळं जसंच्या तसं.

दगडातली वेल बघायची तर खिद्रापूर तुमच्यापासून किती लांब? कोपेश्वराच्या देवळात माणसं स्वर्गमंडपाचा गोल बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही दारांच्या चौकटींपाशी थांबा. आपल्या जुन्या देवळांच्या द्वारशाखांत वेलीचा उभा पट्टा असतो, त्याला पत्रशाखा म्हणतात. अरुंद पट्टीत वेल कशी बसवायची, ही तुमच्या तबकाचीच अडचण, आणि ती त्या पाथरवटांनी कधीच सोडवून ठेवली आहे. झवेरी बाजाराच्या कामासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलात की उतरता सीएसएमटीलाच. 1887-88 साली पुरी झालेल्या त्या इमारतीच्या नक्षीत मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात आहे. खांबांच्या माथ्यांवरची पानं मान वर करून बघा, फक्त प्रवाशांच्या वाटेत उभं राहू नका. पैठणीची असावली नावाची वेलही सुंदर, पण ती मागावर विणताना वळण पायऱ्यापायऱ्यांनी घ्यावं लागतं. तिच्यातून जागा भरणं शिकावं, गोलाई नाही.

नक्कल करावी का? सरावासाठी जरूर करा, पण अर्धीच. चांगल्या कामाच्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि लाल पेन्सिलीने फक्त कणे उतरवा. मग फोटो बाजूला सारून पानं स्वतःची फुटू द्या. झाल्यावर पुन्हा फोटोवर ठेवून ताडून बघा, की त्याने इथे पान का सोडलं आणि तिथे का नाही. आख्खं डिझाइन जसंच्या तसं उतरवण्यात हात शिकतो, डोकं नाही. तुमचा आत्तापर्यंतचा अनुभवही तेच सांगतो: छापील डिझाइन स्वच्छ कापता, पण त्यातून एक वेटोळं स्वतःचं आलं नाही. आणि हयात कारागिराचं डिझाइन विकायच्या वस्तूवर उतरवू नका. त्याच्या परवानगीशिवाय ते बरोबर नाही, आणि तशी वस्तू ओळखणारे लोक आता तुमच्या गिऱ्हाइकांतही आहेत.

सॉफ्टवेअर आत्ता नको. कोरलड्रॉ तुमच्या गावातल्या फ्लेक्सवाल्याकडेही असेल, पैशाचा प्रश्न नाही. अडचण अशी की त्यात रेघ बिंदूंनी ओढली जाते, आणि ज्याचा डोळा तयार नाही तो बिंदूंवर बिंदू वाढवत जातो. प्रत्येक जादा बिंदू म्हणजे एक चपटी जागा. कागदावर गोलाई यायला लागली की मग खुशाल घ्या. तबकाच्या किनारीसारख्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामात त्याने वेळ खूप वाचतो.

आता सांगलीचं तबक. दहा इंच म्हणजे 250 मिलिमीटर धरू. काठाला 20 मिलिमीटरची पट्टी ठेवली तर पट्टीच्या मध्याचा व्यास 230 आणि परीघ सुमारे 722 मिलिमीटर. वेलीत एक वेटोळं वर, एक खाली, म्हणून संख्या समच हवी. विषम झाली तर फेरा पुरा होताना एकाच दिशेची दोन वेटोळी समोरासमोर येतील आणि मग तिथे फूल चिकटवून लाज झाकावी लागेल. 30 वेटोळी घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला 24 मिलिमीटर येतात, वेटोळ्याचा व्यास 17 आणि दोन्ही कडांना दीड-दीड मिलिमीटर श्वास. एक गंमत लक्षात ठेवा. पट्टी गोल असल्याने बाहेरच्या अंगाला जागा जास्त असते आणि आतल्या अंगाला कमी. बाहेर उघडणारी वेटोळी किंचित मोठी ठेवा, नाहीतर बाहेरून वेल विरळ आणि आतून कोंदटलेली दिसेल.

कागदावर हे चौपट मोठं काढा, पण मग झेरॉक्सने चौथाई करून बघाच. मोठ्या कागदावर एका पानात बारा छायारेघा शोभतात. सतरा मिलिमीटरच्या वेटोळ्यातलं पान जेमतेम चार मिलिमीटरचं, तिथे चार-पाच पुरेत. तुमच्या ग्रेव्हरचं टोक 120 अंशाचं आहे ना? त्याने 0.1 मिलिमीटर खोल गेलात की रेघ साधारण 0.35 मिलिमीटर रुंद होते. 90 अंशाच्या ग्रेव्हरने तेवढ्याच खोलीवर 0.2. ही रुंदी धरूनच पानात किती रेघा मावतील ते ठरवा. छायेच्या रेघा पानाच्या मुळाशी दाट आणि जाड, टोकाकडे विरत जाणाऱ्या, आणि त्यांनीही पानाचंच वळण घ्यायचं. छाया म्हणून आडव्या-उभ्या जाळ्या मारू नका. छायेने कण्याचे दोष झाकता येतील असं वाटत असेल तर तेही डोक्यातून काढा, ती ते अधोरेखित करते.

उतरवायला छापील ट्रान्सफर वापरत होतात, ते या कामासाठी थोडं बाजूला ठेवा. चकचकीत चांदीवर पेन्सिल धरत नाही. पांढरा पोस्टर कलर अगदी थोडा बोटावर घ्या आणि वाळेपर्यंत बोटाने टपटप थोपटत राहा. कोरडा, मंद पांढरा पापुद्रा तयार होतो. त्यावर टोकदार 2एच पेन्सिलीने आधी कंपासने कडा आणि 30 भाग, मग कणे, मग पानं. नको ती रेघ ओल्या कापसाने पुसा, पुन्हा थोपटा, पुन्हा काढा. मनासारखं झालं की सुईने हलकेच ओरखडून घ्या आणि रंग धुऊन टाका. तबकाच्या काठाला उतार असतो, सपाट कागदावरचं डिझाइन तिथे ताणलं जातं. थेट धातूवर काढणाऱ्याला ही भानगड राहत नाही, म्हणून ही सवय लवकर लावा.

पहिली पट्टी चांदीवर कापू नका. एक मिलिमीटरच्या तांब्याच्या पत्र्यावर किनारीचा सहावा भाग, म्हणजे पाच वेटोळी, पूर्ण छायेसकट कापा आणि आप्पांच्या हातात द्या. भिंग न लावता बघायला सांगा, गिऱ्हाईकही तसंच बघणार आहे. नावं कोरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला अक्षराची गोलाई कळते, 'ळ' आणि 'क्ष' ज्याच्या हाताखालून गेले त्याला चपटी जागा लगेच टोचते. ते काय म्हणतात ते लिहून घ्या, वाद घालू नका. जिलेबी शब्द पुन्हा आला तर पट्टी लावून कुठे, ते मोजा.

गिऱ्हाइकाला आजच फोन करा आणि दोन महिन्यांची मुदत मागा. घाई असेल तर सरळ सांगा की साधी दुहेरी किनार आणि मध्ये नाव पंधरा दिवसांत देतो, वेल हवी तर थांबावं लागेल. मजुरी मात्र आत्ताच ठरवून घ्या, आणि ती वजनावर नाही, कामावर. हुपरीच्या सवयीने ग्रॅमवर हिशेब केलात तर 30 वेटोळ्यांची मेहनत पैंजणाच्या भावात जाईल.